आधी सोलापूर, मग गेगोंग

पनवेलच्या माणसाला प्रवासाचे अप्रूप कमी. पुण्याचा रस्ता, गोव्याचा रस्ता, कोकण रेल्वे, सारे आमच्या दारावरूनच जाते. वर्षानुवर्षे लोक आमच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरले, चहा प्याले आणि पुढे गेले. आता विमानतळही आमच्याच तालुक्यात झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि वडाळे तलावाच्या काठावर संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा मित्रांच्या गप्पांत परदेश एकदम जवळ आला. कुणी दुबई म्हणाले, कुणी बँकॉक. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकाने मात्र चीनमधल्या एका खेड्याचे नाव घेतले. गेगोंग.

भिंत नाही, बीजिंगचा राजवाडा नाही, शांघायचे मनोरे नाहीत. हेबेई प्रांतातले, डोंगराच्या पायथ्याकडचे एक खेडे. तिथे आपला एक माणूस राहिला आणि तिथेच गेला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकलेले असते. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट जुन्या मंडळींना आठवतो. ज्या पुस्तकावरून तो निघाला ते ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिले होते. पण नाव माहीत असणे वेगळे आणि त्या माणसाच्या गावी जायला निघणे वेगळे. निघायचे म्हटले की तारखा, गावे, वाटा सगळे नीट मांडून घ्यावे लागते. आम्ही ते मांडू लागलो तेव्हा लक्षात आले, की या माणसाचे 'अमर कहाणी'पलीकडचे आपल्याला फारसे काही ठाऊक नव्हते.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. गुलाम देशाकडे सैन्य कुठले पाठवायला? काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबई बंदरातून बोटीने निघाले. कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते.

यानानला पोचायला त्यांना फेब्रुवारी १९३९ उजाडला. म्हणजे साडेपाच महिने. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. पुढे ते आघाडीवर, हेबेईच्या डोंगराळ भागात गेले. तिथे त्यांच्याआधी नॉर्मन बेथ्यून नावाचा कॅनडाचा शल्यविशारद काम करीत होता. जखमींवर शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तो त्याच परिसरात वारला. त्याच्या नावाने जे रुग्णालय उभे राहिले, त्याचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. 'रुग्णालय' या शब्दाने फसू नये. खेड्यातली घरे, मातीच्या भिंती, औषधांची टंचाई आणि शत्रू आला की सगळे उचलून डोंगरात पळायचे, असे ते रुग्णालय होते.

तिथेच शिकवणाऱ्या क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी १९४१ च्या अखेरीस लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. गाव गेगोंग.

हे सारे कागदावर उतरले आणि मग लोकांचे प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न अगदी सरळ होता. चीनला कशाला जायचे? १९६२ विसरलात? जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान गेले, ते विसरलात? प्रश्न चुकीचा नाही. माझ्या नावाच्या माणसाला तो जरा वरच्या पट्टीत विचारला जातो, एवढेच. दुसरा प्रश्न आमच्या मोहल्ल्यातून आला. शिनच्यांगमधल्या उइगुर मुसलमानांच्या बातम्या तुम्ही वाचत नाही का? वाचतो. वाचून झोप उडते.

दोन्ही प्रश्न मी टाळले नाहीत. मी एवढेच म्हटले, की सरकार आणि गाव ही एकच गोष्ट नसते. कोटणीस गेले तेव्हा ते कुठल्या सरकारच्या प्रेमाने गेले नव्हते. माणसे जखमी होत होती आणि यांना टाके घालता येत होते. ज्या गावाने त्या परक्या माणसाला आपल्या चुलीजवळ जागा दिली आणि शेवटी मूठमाती दिली, त्या गावाला चौऱ्याऐंशी वर्षांत आपल्यापैकी किती जण भेटायला गेले असतील? घरचा माणूस परमुलखात गेला, तर ज्यांनी त्याचे शेवटचे केले त्यांच्या दाराशी जाऊन यावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. त्याला परराष्ट्र धोरण लागत नाही. गलवानचे दुःख खिशात ठेवूनच जायचे आहे, घरी विसरून नव्हे.

पण परतभेटीला जायचे तर तयारीही परतभेटीची हवी, पर्यटनाची नव्हे. इथून आमच्या यादीचा क्रमच बदलला. पहिल्या ओळीवर व्हिसा होता. तो खाली गेला आणि वर आले सोलापूर.

सोलापुरात कोटणीसांच्या घराचे स्मारक आहे. २०१२ पासून ते लोकांसाठी खुले आहे. पनवेलहून पुण्यामार्गे एका दिवसाचा प्रवास. गेगोंगला जाऊ इच्छिणाऱ्याने आधी हे घर पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. परदेशात आपल्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो "तुम्ही कुठले?" हाच. कोटणीस ज्या शहरातले, ते न पाहताच त्यांच्या गावाहून आलो म्हणून सांगणे शोभत नाही. सोलापुरात चार हुतात्म्यांनाही नमस्कार करावा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी इंग्रजांनी त्यांना येरवड्यात फाशी दिले. कोटणीस तेव्हा वीस वर्षांचे होते. असा तरुण कुठल्या मातीतून निघून चीनच्या डोंगरात गेला, ते सोलापुरात फिरल्यावर अधिक कळते.

माती म्हटल्यावर एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्यातल्या एकाची कल्पना होती, की सोलापूरची मूठभर माती डबीत घालून न्यावी आणि तिथल्या मातीत मिसळावी. कल्पना कुणालाही आवडेल अशीच. मला तर कवितेची ओळच सुचत होती. पण चीनमध्ये बाहेरची माती आणायला बंदी आहे. रोगजंतू आणि किडी येऊ नयेत म्हणून विमानतळावरच ती काढून घेतात. कच्ची फळे, बियाणे यांनाही तोच नियम. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर नियम शहाणपणाचा आहे. तेव्हा मातीऐवजी आम्ही सोलापुरी चादर न्यायचे ठरवले आहे. आमच्याकडे चादर मजारीवर चढवतात. ही मात्र कबरीवर घालायची नाही, गावात द्यायची. थंडीत कुणाच्या तरी अंगावर पडली तर सोलापूर गेगोंगला पोचले म्हणायचे. चीनमध्ये भेट दोन्ही हातांनी द्यायची असते आणि घड्याळ कधीही द्यायचे नाही, कारण तिकडच्या भाषेत 'घड्याळ देणे' हे 'अंत्यविधीला जाणे' यासारखे ऐकू येते.

आता कागदपत्रे. भारतीय पासपोर्टवर चीनला जायचे तर व्हिसा आधी काढावा लागतो. चीनचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. २०२० पासून दोन देशांतली थेट विमाने बंद होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या पाच वर्षांत सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग असे वळसे घ्यावे लागत. अर्जात कुठे राहणार, कुठे फिरणार हे लिहावे लागते. तिथे जे खरे आहे तेच लिहावे. खेड्यात जायचे असेल तर खेड्याचे नाव लिहायला लाजू नये.

पोचल्यावर हॉटेलवाला पासपोर्टवरून तुमची नोंद करतो. कुणाच्या घरी मुक्काम केलात, तर चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन ती नोंद आपण करायची असते. आपल्याकडेही परदेशी पाहुणा घरी उतरला तर त्याची नोंद करावी लागते, त्यामुळे यात अपमान मानण्यासारखे काही नाही. मात्र ज्याने प्रेमाने घरी बोलावले त्याला आपल्यामुळे हेलपाटा पडू नये, म्हणून आम्ही मुक्काम शहरात आणि भेट दिवसाउजेडी, असे ठरवले आहे.

वाट अशी. बीजिंगहून दक्षिणेकडे जाणारी वेगवान रेल्वे बाओदिंग, दिंगचौ अशी करत शिच्याच्वांगला जाते. गेगोंग हे थांग जिल्ह्यात आणि थांग जिल्हा बाओदिंगच्या प्रशासनाखाली. रेल्वेची तिकिटे पंधरा दिवस आधी विक्रीला येतात, ती पासपोर्टच्या क्रमांकावर निघतात आणि पासपोर्ट दाखवूनच फलाटावर जाता येते. स्थानकापासून पुढचा रस्ता मोटारीचा.

इथे एक मोठी फसगत होऊ शकते. त्याच हेबेई प्रांतात थांगशान नावाचे मोठे शहर आहे. १९७६ च्या भयंकर भूकंपामुळे ते जगाला माहीत झाले. आपला थांग जिल्हा, म्हणजे 'थांगश्यान', हा वेगळा. थांगशान बीजिंगच्या पूर्वेला, थांगश्यान नैर्ऋत्येला. आपल्या जिभेने दोन्ही सारखेच उच्चारले जातात. टॅक्सीवाल्याने एकाऐवजी दुसरे ऐकले तर दिवस फुकट. म्हणून गावाचे, जिल्ह्याचे, स्मारकाचे नाव चिनी लिपीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद खिशात हवा. बोललेल्या शब्दापेक्षा तिथे लिहिलेला शब्द खात्रीचा.

मोबाइलवर विसंबू नये. आपले गूगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या जाळ्यावर चालत नाहीत. भाषांतराची सोय फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावी. पैशाचे व्यवहार बहुतेक तिथल्या दोन अॅपवर होतात. त्यांना परदेशी कार्ड जोडता येते, पण थोडी रोख रक्कम जवळ असावी. खेड्यात म्हातारीकडून सफरचंदे घ्यायची झाली तर नोटच बरी.

केव्हा जावे? कोटणीस गेले तो डिसेंबर. उत्तर चीनचा डिसेंबर आपल्या कोकणी हाडांना झेपणारा नव्हे. पारा शून्याखाली असतो. वसंत आणि शरद हे ऋतू चांगले. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा मात्र टाळावा, कारण राष्ट्रीय सुट्टीमुळे सारा चीन रस्त्यावर असतो. दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिलला 'छिंगमिंग' येतो. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात, फुले वाहतात. आपली सर्वपित्री आणि आमची शब-ए-बरात मनात आणा, म्हणजे छिंगमिंग समजेल. आम्ही छिंगमिंग उलटल्यानंतरचा आठवडा धरला आहे. त्या दिवशी घरची माणसे आपापल्या माणसांकडे गेलेली असतात. त्यांच्या गर्दीत पाहुण्यांनी भर घालू नये.

कबरीबद्दलही स्पष्ट कल्पना हवी. नाहीतर गेगोंगमध्ये जाऊन शोधत बसाल. कोटणीसांचे दफन आधी थांग जिल्ह्यातच झाले, पण पुढे त्यांचे अवशेष शिच्याच्वांग शहरातल्या शहीद स्मारक उद्यानात नेले. बेथ्यूनची कबरही त्याच उद्यानात आहे. थांग जिल्ह्यात या दोघांचे मिळून स्मारक-संग्रहालय आहे. म्हणजे दर्शनाच्या जागा तीन. कबर शहरात, वस्तू आणि चित्रे संग्रहालयात आणि गाव गावात. तीन ठिकाणांना तीन वेगळे दिवस द्यावेत. चीनमधली संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, आत जाताना पासपोर्ट लागतो, म्हणून वार पाहून निघावे.

संग्रहालयात जे दिसेल ते सरकारने मांडलेले असेल. तिथे कोटणीस हे 'को दिहुआ' आहेत, वीर आहेत, जुलै १९४२ मध्ये पक्षाचे सभासद झालेले कॉम्रेड आहेत. हेही खरे आहे. पण सोलापूरच्या घरातला मुलगा, जी. एस.चा विद्यार्थी, चिनी भाषा शिकून तिच्यात शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला बसलेला शिक्षक, हे पाहायला थोडी स्वतःची नजर लागते. संग्रहालयात वाद घालू नये आणि सगळे तोंडपाठही करू नये. गप्प राहून पाहावे.

गावात मात्र चित्रपटातले गाव शोधू नये. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत गाव तसेच कसे राहील? आमच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, दहा गावे उठली, आणि हे आमच्या डोळ्यांदेखत झाले. उद्या एखादा परदेशी माणूस आजोबांनी सांगितलेले कोपर किंवा ओवळे शोधत आला, तर त्याला आम्ही धावपट्टी दाखवू. तेव्हा गेगोंगमध्ये काँक्रीटची घरे, मोटारी आणि हातात फोन घेतलेली मुले दिसली, तर निराश होण्याचा आपल्याला अधिकार नाही. खेड्याने आपल्या स्मरणासाठी गरीब राहावे, अशी अपेक्षा करणारा पाहुणा चांगला नव्हे.

मग गावात करायचे काय? आधी जिल्ह्याच्या ठिकाणी कळवायचे, स्थानिक दुभाषा घ्यायचा आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना भेटता येईल का, हे विचारायचे. परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. अंगणात पाय ठेवण्यापूर्वी थांबायचे. आपल्या गावात परका माणूस कॅमेरा रोखून आला की आपण कसे बिचकतो, ते आठवायचे. आणि चार वाक्ये त्यांच्या भाषेत बोलायची. 'नी हाओ' म्हणजे नमस्कार, 'श्ये श्ये' म्हणजे आभार, 'वो शी यिन्दूरन' म्हणजे मी भारतीय. त्यातला 'यिन' ऐकला की त्या बाळाचे नाव आठवते. यिनहुआ पुढे वैद्यकशास्त्र शिकत होता. १९६७ मध्ये, ऐन तरुणपणी तोही गेला. क्वो छिंगलान मात्र २०१२ पर्यंत होत्या. पतीच्या माणसांना भेटायला त्या अनेकदा भारतात आल्या. म्हणजे तिकडून परतभेट कधीच झाली आहे. उसने आपल्याच बाजूला आहे.

जेवणाचा प्रश्न माझ्या आणि शाकाहारी मित्रांच्या मनात सारखाच आहे. चीनमध्ये हलाल खाणावळीवर 'छिंगजन' असा फलक असतो, बहुधा हिरव्या रंगात, कधी अरबी अक्षरांसह. तो ओळखता आला म्हणजे माझे भागते. शाकाहारी मित्रांनी 'मांस नको, मासे नको, अंडे नको' असे चिनी लिपीत लिहून घ्यावे. नुसते 'मांस नको' म्हटले तर रस्सा मांसाचाच येऊ शकतो.

थांग जिल्ह्याच्या शेजारीच दिंगचौ आहे. तिथे अकराव्या शतकातला चौऱ्याऐंशी मीटर उंचीचा विटांचा स्तूप-मनोरा आहे. तो बांधायला १००१ ते १०५५ अशी चोपन्न वर्षे लागली. त्याच शहरात एक जुनी मशीद आहे. तिच्यातला शिलालेख १३४८ सालचा. चिनी लिपीत इस्लामविषयी कोरलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. आपल्याकडे १३४७ मध्ये बहमनी राज्य सुरू झाले, त्याच्या पुढच्या वर्षी दिंगचौमधले मुसलमान आपल्या मशिदीचा जीर्णोद्धार चिनी भाषेत कोरून ठेवत होते. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ते दगड पाहायचे आहेत. धर्म अरबी भूमीतून आला तरी माणूस लिहितो ते आपल्या अंगणातल्या भाषेत, हे मी इथे पनवेलमध्ये बसून कितीदा सांगत आलो आहे. तिकडच्यांनी ते पावणेसातशे वर्षांपूर्वी दगडात सांगितले.

मित्रहो, अशी ही यादी. हिशोब केला तर सारा प्रवास दहा-बारा दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष गेगोंगमध्ये जाणार ते उणापुरा अर्धा दिवस. कुणी म्हणेल, अर्ध्या दिवसासाठी एवढा उपद्व्याप? मला वाटते, दुसऱ्याच्या गावी अर्धा दिवसच जावे आणि तयारी मात्र सहा महिने करावी. उलटे झाले, की माणूस तिथे राहतो खूप आणि त्याला कळत काहीच नाही.

तुमच्यापैकी कुणाला गेगोंग जमणार नाही. तब्येत असेल, पैसा असेल, सवड असेल. हरकत नाही. सोलापूर तर जमेल. तिथले घर उघडे असते. एखाद्या सकाळी मुलांना घेऊन जा. त्यांना नकाशावर हेबेई शोधायला लावा आणि थांगशान, थांगश्यान यांतला फरक विचारा. आम्ही परत आल्यावर आमची पहिली फेरीही तिकडेच आहे. गेगोंगचा निरोप असेल तो आधी त्या घरी सांगायचा, मग पनवेलला यायचे.